स्नानाचे ऊन पाणी आणि इंधनाची मात्रा

विनयपिटकात स्नानाविषयी एक प्रसंग आला आहे. राजगृहाजवळ तपोदा येथे उष्ण पाण्याचे झरे होते; आजच्या राजगीरमध्येही ते वाहतात. मगधाचा राजा बिंबिसार मस्तक धुण्यासाठी तेथे गेला. भिक्खू स्नान करीत होते, म्हणून राजा अदबीने थांबला. भिक्खूंचे स्नान अंधार पडेपर्यंत चालले. राजाचे स्नान होईतो नगराची द्वारे बंद झाली आणि त्याला ती रात्र नगराबाहेर काढावी लागली. तथागतांना हे कळले तेव्हा मात्रा न जाणणाऱ्या त्या भिक्खूंना त्यांनी बोल लावला आणि स्नानाला मर्यादा घालणारा नियम केला. पुढे मात्र उन्हाळा, आजारपण, श्रमाचे काम, प्रवास, वारा-पाऊस अशा प्रसंगी त्या नियमातून सूटही दिली. त्याच विनयातील चुल्लवग्गात वैद्य जीवकाच्या सूचनेवरून भिक्खूंच्या आरोग्यासाठी जन्ताघराला, म्हणजे अग्नीने तापविलेल्या स्नानगृहाला, अनुज्ञा दिलेली आढळते. अग्नीची जागा कोठे असावी, धूर बाहेर कसा जावा, हेही तेथे सांगितले आहे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या दोन्ही कथा एकत्र वाचाव्याशा वाटतात. शरीराची गरज नाकारावयाची नाही आणि मात्रा सोडावयाची नाही, एवढे त्यांचे सार आहे. स्वयंपाकघरातील गॅसवर अंघोळीचे पाणी तापविण्याच्या साध्या प्रश्नाकडे आम्ही याच दृष्टीने पाहणार आहोत.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना आम्ही एवढेच स्मरण देऊ की, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांकडे वीज आणि पाटबंधारे हे विषय होते, आणि स्वस्त व मुबलक वीज हा त्यांच्या दृष्टीने दारिद्र्यनिर्मूलनाचा प्रश्न होता. इंधन ज्याच्या हाती असते त्याचा वेळ त्याच्या हाती असतो. घरातील गॅसची टाकी महिना संपण्याआधी संपली, तर अंघोळीचे पाणी पुन्हा चुलीवर जाते. चुलीला सरपण लागते. ते आणावयास बहुधा आई जाते, नाही तर शाळेत जाणारी मुलगी. धूरही त्यांच्याच डोळ्यांत जातो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. पण पहिली टाकी घरात येणे वेगळे आणि ती वेळेवर पुन्हा भरून घेणे परवडणे वेगळे. म्हणून टाकी चार दिवस अधिक पुरली, तर ते चार दिवस एखाद्या मुलीच्या अभ्यासाचे असू शकतात.

तरीही बचतीचा अर्थ थंड पाण्याची सक्ती असा कोणी घेऊ नये. आपल्या आजी-पणजींना गावच्या पाणवठ्यावर दुसऱ्याने वरून पाणी ओतेपर्यंत ताटकळावे लागे. ज्यांनी पाणी नाकारले, त्यांनीच आपल्याला अस्वच्छ म्हणून हिणवले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, त्यामागे हा सारा इतिहास उभा होता. स्वच्छ, ऊन पाण्याने स्नान करणे हा आपल्या घरातील प्रत्येकाचा हक्क आहे. कपात करावयाची ती वाया जाणाऱ्या उष्णतेत. कोणाच्या बादलीत नव्हे.

एका बादलीला किती गॅस?

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हे आपण आठवी-नववीत शिकलेले असतो, पण परीक्षेनंतर ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. हिवाळ्यातील सकाळी पाणी २० अंश सेल्सिअसवर आहे, अंघोळीला ते ४० अंशांवर हवे आहे आणि एका माणसाला १५ लिटर पाणी पुरते, असे धरू. मग १५ गुणिले २०, म्हणजे ३०० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जावयास हवी.

एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळाला की सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते. ती सगळी पाण्यात जात नाही. काही भांड्याच्या कडेने वर निघून जाते, काही शेगडी आणि भांडे तापविण्यात खर्च होते, काही वाफेबरोबर जाते. शेगडीची प्रयोगशाळेत चाचणी घेतात तेव्हा किमान ६८ टक्के उष्णता भांड्यात उतरावी, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. घरात वारा असतो, भांडे पोचलेले असते, झाकण हरवलेले असते. म्हणून आपण ६० टक्के धरू. तेव्हा एक किलो गॅसमधून ६,६०० किलोकॅलरी कामी येतील आणि आपल्या बादलीला सुमारे ४५ ग्रॅम गॅस लागेल.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एका टाकीत साधारण ३१५ बादल्या तापतात. पाच माणसांच्या घरात रोज २२५ ग्रॅम गॅस केवळ अंघोळीला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत तो २७ किलो होतो. जवळजवळ दोन टाक्या. भाकरी, वरण, चहा यांचा हिशेब याहून वेगळा. हिवाळ्यात टाकी लवकर का संपते, या नेहमीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

या गणितात तीनच गोष्टी आपल्या हाती आहेत: पाणी सुरुवातीला किती थंड आहे, ते आपण कोठवर तापवितो, आणि ज्योतीतील किती उष्णता भांड्यात शिरते. त्यांचा क्रमाने विचार करू.

पाणी मुळात किती थंड?

बहुतेक घरांत पहाटे गच्चीवरील टाकीचे पाणी घेतले जाते. रात्रभर उघड्या आकाशाखाली राहिलेले हे पाणी पहाटेच सर्वांत थंड असते. दुपारी चारच्या सुमारास तेच पाणी उन्हाने बरेच निवळलेले, कोमटाकडे झुकलेले असते. दुपारी ते पिंपात काढून, झाकण घालून, भोवती गोणपाट किंवा जुनी गोधडी गुंडाळून घरात ठेवले, तर सकाळी ते टाकीतील पाण्याहून काही अंश ऊन मिळते. हा फरक ५ अंशांचा पडला तरी १५ लिटरच्या बादलीला ३०० ऐवजी २२५ किलोकॅलरी पुरतात. खर्चाचा चौथा हिस्सा शेगडी पेटविण्यापूर्वीच वाचतो. पाच माणसांच्या घरात हिवाळाभरात हा हिस्सा साडेसहा किलोंच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी.

विहीर किंवा बोअरवेल असेल तर आणखी सोपे. जमिनीच्या पोटातील पाण्यावर ऋतूचा परिणाम फार कमी होतो. म्हणूनच थंडीच्या पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते आणि पोहरा वर आला की पाणी हाताला कोमट लागते. अशा वेळी गच्चीवरील शिळे थंड पाणी घेण्यापेक्षा ताजे उपसलेले पाणी घ्यावे.

ऊन हे तर फुकटचे इंधन आहे. बाहेरून काळा रंग दिलेले पत्र्याचे पिंप किंवा हंडा सकाळपासून उन्हात, वारा न लागणाऱ्या भिंतीच्या आडोशाला ठेवला, की संध्याकाळच्या अंघोळीला गॅस अगदी थोडा लागतो किंवा लागतही नाही. शेतावरून, बांधकामावरून, कारखान्यातून दमून येणाऱ्या माणसाला खरी गरज संध्याकाळच्या स्नानाचीच असते. मात्र पाण्यावर घट्ट झाकण हवे. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. गॅस वाचवून दवाखाना गाठण्यात शहाणपण नाही.

शिवाय सवयीचाही एक खर्च असतो. वैशाखात नळाला हात लावावयास नको इतके पाणी तापलेले असते. तरीही काही घरांत वर्षभर पहाटे पातेले शेगडीवर चढतेच. ऋतू बदलला की पातेले खाली उतरले पाहिजे.

आधण कशाला?

अंघोळीच्या पाण्याला आधण आणण्याची काहीही आवश्यकता नाही. १५ लिटर पाणी ४० अंशांवर हवे असेल, तर साडेसात लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवावे आणि तेवढेच २० अंशांचे पाणी विसण म्हणून घालावे. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले, पाणी गुणगुणू लागले आणि वरून वाफेचे धागे निघू लागले, की ज्योत बंद करावी.

कोणी म्हणेल, थोडे पाणी खूप तापवून अधिक विसण घातले काय, किंवा अधिक पाणी बेताचे तापवून कमी विसण घातले काय, उष्णता तेवढीच लागणार. कागदावर हे खरे आहे. पण पाणी जितके अधिक तापते तितकी त्याची उष्णता हवेत वेगाने जाते, आणि उकळी फुटल्यावर तर वाफ होऊ लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे उकळत्या पातेल्यातून केवळ १०० मिलिलिटर, अर्ध्या पेल्याइतके, पाणी वाफ होऊन गेले तर ५४ किलोकॅलरी गेल्या आणि त्यासाठी ८ ग्रॅम गॅस जळाला. न्हाणीघराच्या भिंती ओल्या झाल्या, आपल्याला काही मिळाले नाही. पाणी फार कढत झाले की विसण अंदाजाबाहेर घालावे लागते, बादली काठोकाठ भरते आणि उरलेले पाणी मोरीत जाते. दोन लिटर ऊन पाणी सांडले तर ६ ग्रॅम गॅस सांडला, असे समजावे.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी उकळतो, त्या पाण्याला हा नियम लागू नाही. ते पूर्ण उकळलेच पाहिजे. तेथे गॅस वाचवू नये.

पाणी तापले आणि नाहणारा अजून अंथरुणात, हे दृश्य घरोघरी दिसते. पातेले मंद आचेवर तसेच राहते आणि पाऊण तास गॅस जळतो. आधी माणूस उठावा, मग शेगडी पेटावी. एकाची अंघोळ सुरू झाली की दुसऱ्याचे पाणी चढावे. शेगडी आणि भांडे तापलेलेच असल्याने तेवढी उष्णता पुन्हा द्यावी लागत नाही.

भांडे, झाकण आणि ज्योत

जुन्या काही घरांत तांब्याचा बंब असे. त्याच्या मधोमध नळकांडे, त्यात ढलप्या, चिपाडे आणि नारळाच्या शेंड्यांचा विस्तव, आणि भोवती पाणी. आग पाण्याच्या पोटात असल्यामुळे तिची उष्णता बाहेर पळावयाच्या आत पाण्याला लागे. आपल्या वस्त्यांतील घरांत बंब क्वचितच होते. पण चुलीला वैल असे. पुढे भाकरी भाजली जात असताना मागच्या वैलावर पाण्याचे मडके तापत राही. दोन्हींमागचे तत्त्व एकच: आगीची उष्णता रिकामी जाऊ द्यावयाची नाही.

गॅसच्या शेगडीला वैल नसतो, म्हणून ते काम भांड्याच्या निवडीने करावे लागते. पाण्याला रुंद आणि सपाट बुडाचे भांडे घ्यावे, आणि ते मोठ्या बर्नरवर ठेवावे. ज्योत भांड्याच्या बुडाखालीच राहिली पाहिजे; ती कडेने वर चढत असेल तर आपण भांड्याऐवजी खोली तापवीत आहोत. अरुंद तोंडाचा हंडा आणि मोठी ज्योत ही जोडी सर्वांत खर्चिक.

झाकण हे सर्वांत स्वस्त साधन आहे. नेमके झाकण नसेल तर परात किंवा ताटली चालते. बोअरवेलच्या जड पाण्याने भांड्याच्या तळाशी पांढरा क्षार जमतो. तो उष्णतेला अडवितो, म्हणून अधूनमधून चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने काढावा. बाहेरून बूड काळे होत असेल आणि ज्योत निळी असण्याऐवजी पिवळी दिसत असेल, तर गॅस पुरता जळत नाही. बर्नरची छिद्रे साफ करावीत. खिडकीतून येणारा वारा थेट ज्योतीवर येणार नाही अशी शेगडीची जागा असावी. परंतु वारा अडविण्यासाठी खिडक्या बंद करून घेऊ नयेत.

गिझर, वीज आणि सूर्य

पाणी येता येता तापविणारा गॅस गिझर शेगडीपेक्षा उष्णता अधिक पकडतो. पण नळ सोडून त्याखाली उभे राहिले की तो लाभ पाण्याबरोबर वाहून जातो. मिनिटाला ६ लिटरची धार असेल, तर पाच मिनिटांत ३० लिटर. दोन माणसांचे पाणी. म्हणून गिझर असला तरी बादली भरावी आणि नळ बंद करावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची. हा गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दाराला कडी लावून स्नान करणारा माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. असे मृत्यू झालेले आहेत. गिझर बाहेरच्या मोकळ्या जागेत बसवून केवळ पाण्याची नळी आत घ्यावी.

विजेच्या रॉडने एका युनिटमध्ये आपल्या मापाच्या साधारण अडीच बादल्या तापतात. तेव्हा तुलना सोपी आहे. गॅसच्या टाकीच्या आजच्या किमतीला ३१५ ने भागावे, विजेच्या युनिटच्या दराला अडीचने भागावे. जे उत्तर लहान ते आपल्या घराला स्वस्त. मात्र रॉड प्लास्टिकच्या बादलीतच ठेवावा, बटण बंद करून तार काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये आणि लहान मुलांना त्याच्या जवळ येऊ देऊ नये.

ज्यांना एकदा खर्च करणे शक्य आहे, त्यांच्यासाठी सौर पाणीतापक हा उत्तम उपाय आहे. चार-पाच माणसांच्या घराला १०० लिटरचा संच पुरतो. महाराष्ट्रात हिवाळ्यात, म्हणजे ऊन पाण्याची खरी गरज असते तेव्हा, आकाश बहुधा निरभ्र असते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी शेगडी आहेच.

घराचा हा हिशेब वसतिगृहाला लावला की आकडे बोलू लागतात. २०० मुले, प्रत्येकी केवळ १० लिटर पाणी आणि २० अंशांची वाढ धरली, तर रोज ४०,००० किलोकॅलरी लागतात. गॅसवर तापवायचे तर रोज ६ किलो. १९ किलोची व्यावसायिक टाकी तीन दिवसांत रिकामी. याच कारणाने अनेक वसतिगृहांतील मुले हिवाळ्यातही थंड पाण्याने अंघोळ करतात, किंवा करीत नाहीत. आमच्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वीजतंत्री आहेत, नळकाम करणारे कसबी कारागीर आहेत. एखाद्या निवासी शाळेच्या छपरावर सौर संच उभा करणे आणि दरवर्षी त्याच्या नळ्या तपासणे, हे दान अनेक मानचिन्हांपेक्षा मोलाचे ठरेल.

शेवटची बादली

घरातील शेवटची अंघोळ बहुधा आईची किंवा सुनेची असते. सर्वांचे पाणी, डबे, झाडलोट आटोपून ती न्हाणीघरात जाते तेव्हा पातेल्यात उरलेले पाणी निवलेले असते. ‘गॅस कशाला जाळायचा’ असे म्हणून ती तेवढ्यावरच भागविते. अशा घरात टाकी जास्त दिवस टिकली तर तिला आम्ही बचत म्हणणार नाही. एका व्यक्तीची गरज हिशेबातून वगळून जुळविलेला तो ताळेबंद आहे. सर्वांनी समान पंगतीत बसावे असे सांगणारा समाज न्हाणीघराच्या दारात विषमता ठेवू शकत नाही.

म्हणून पाच माणसांच्या घरात पाच बादल्यांचाच हिशेब मांडावा. झाकण, ऊन, बेताची आच यांनी जे वाचते त्यावर पहिला अधिकार त्या शेवटच्या बादलीचा आहे. बाळंतीण, तान्हे मूल, म्हातारी माणसे, आजारी माणूस आणि पाळीच्या दिवसांत ऊन पाणी हवेसे वाटणाऱ्या मुली यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. बिंबिसाराच्या कथेतील नियमालाही आजारी आणि श्रमलेल्या माणसासाठी अपवाद होता.

आम्ही मांडलेले आकडे आम्ही शिक्षक आहोत म्हणून कोणी स्वीकारू नयेत. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे. या आणि स्वतः पाहा. घरातील दिनदर्शिकेवर टाकी लावल्याची तारीख लिहावी. पहिली टाकी नेहमीच्या पद्धतीने वापरावी. दुसऱ्या टाकीच्या वेळी दुपारचे साठवलेले पाणी, झाकण आणि आधणापूर्वी बंद केलेली ज्योत, एवढे तीनच बदल करावेत आणि ती किती दिवस पुरली ते लिहावे. दोन्ही टाक्या एकाच ऋतूतील असाव्यात, म्हणजे तुलना न्याय्य होईल. हे काम घरातील आठवी-नववीच्या मुलामुलींकडे सोपवावे. तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. तो मागितला तर शिक्षक आनंदाने देतील. आणि त्या वहीत आणखी एक रकाना अवश्य आखावा: आज सर्वांत शेवटी अंघोळ कोणी केली, आणि तिचे पाणी ऊन होते का.